गोदाआत्याचं एरंडेल

आमच्या घरात वर्षातून एकदा सगळ्यांची पोटं एकाच दिवशी धुतली जायची. गोधड्या धुवाव्यात, भांडी घासावीत, तशी पोटं. हा दिवस येळवशीच्या तोंडावर यायचा. येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी आमच्याकडं गावं ओस पडतात आणि सगळी माणसं रानात जाऊन जेवतात. भज्जी, उंडे, आंबील, गव्हाची खीर, वर धपाटे. खाणाऱ्याला नाही, बघणाऱ्याला लाज वाटावी असं जेवण. गोदाआत्याचं म्हणणं सरळ होतं. एवढं खायचं, तर आधी पोटातले भाडेकरू बाहेर काढा, न्हायतर जेवण त्यांच्या घशात जाईल आणि आपण नुसते चावत बसू. म्हणून येळवशीआधी सगळ्या घराला जंताचं औषध. आमचे वडील आण्णा असोत की पाळण्यातून नुकतं उतरलेलं पोर असो, सुटका कुणाचीच नाही. एकानं घेतलं आणि दुसऱ्यानं चुकवलं तर जंत घर बदलतात, असं तिचं शास्त्र होतं. आजचे डॉक्टरही घरातल्या सगळ्यांनी एकदमच गोळी घ्यावी म्हणतात तेव्हा मला गालातल्या गालात हसू येतं.

गोदाआत्या आमच्या आण्णांची बहीण. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, ती माहेरी परत आली आणि आल्या दिवसापासून घराचं औषधपाणी तिनं आपल्या पदराला बांधलं. तोंड राखेसारखं पांढरट, केस विरळ, बोलताना दम लागायचा, पण बोलणं काही थांबायचं नाही. आम्ही पोरं तिला समोर आत्या म्हणायचो आणि मागं म्हातारी. आई मात्र मागंही वन्संच म्हणायची, कारण आत्याचे कान लई तिखट होते.

औषधाच्या आदल्या दिवशी दिवेलागणीला ती सगळ्यांना चुलीपुढं ओळीनं बसवायची आणि प्रत्येकाच्या तळहातावर गुळाचा खडा ठेवायची. खडा चघळायचा, गिळायचा नाही. गुळाचा वास लागला की जंत कोपऱ्याकोपऱ्यातून तोंड वर करून गोळा होतात, आणि सगळे जमले की मागून औषध सोडायचं. वऱ्हाडाला जेवायला बोलवायचं आणि बाहेरून कडी घालायची, असाच तो प्रकार. औषध म्हणजे पळसाच्या शेंगेतलं चपटं बी आणि वावडिंग, दोन्ही भाजून कुटलेलं. त्याची चव कशी असते ते मी लिहिणार नाही, कारण माझ्या जिभेला अजून आठवण आहे. सकाळी उठलं की चहातून गरम एरंडेल. मग पुढचा अर्धा दिवस आमच्या घरात टमरेलांच्या आवाजाशिवाय दुसरा आवाज नसायचा. गावात ज्यांच्या शब्दाला वजन होतं ते आमचे आण्णा धोतर सावरत बाभळीकडं निघालेले दिसायचे, मागोमाग चुलते, मागोमाग आम्ही. आणि परत येणाऱ्याला वाटेत आत्या गाठायची, काठी टेकून, फौजदारासारखी. पडले का? केवढाले? ज्याचे पडले त्याचं कौतुक. ज्याचे नाही पडले त्याच्याकडं ती अशी बघायची जशी त्यानं काहीतरी लपवून ठेवलंय.

माझी नात परवा शाळेतून आली आणि म्हणाली, आज जंताची गोळी दिली. मी आतुरतेनं विचारलं, मग काय काय झालं? ती म्हणाली, काय होणार, चावली, पाणी प्याले, गोड होती. एवढंच? मला अगदी फसवल्यासारखं वाटलं. गूळ नाही, एरंडेल नाही, पळापळ नाही. पोरीचं बालपण फुकट गेलं.

आता त्या वेळच्या शकूविषयी सांगते. ती शकू म्हणजे मी, हे कबूल करायला मला आजही जड जातं. शाळा येरमाळ्याला, आमच्या गावाहून चालत जाण्याएवढ्या अंतरावर. शाळेत मुलींचा खो-खोचा संघ होता आणि शकू स्वतःला त्या संघातली हरणी समजायची. गुडघ्यापर्यंत परकर खोचायचा, वेण्या वर बांधायच्या आणि मैदानाच्या कडेला बसलेल्या पोरांकडं न बघता बघायचं, एवढं तिला झकास जमायचं. पळायला लागली की मात्र पहिल्या वळणाला हरणी, दुसऱ्याला शेळी आणि तिसऱ्याला पिसं उपटलेली कोंबडी. तोंड उघडं, छातीत हातोडे, डोळ्यांपुढं काजवे. कुणी विचारलं तर ही बया सांगायची, मी दमत नाही, समोरचीला फसवायला मुद्दाम थांबते. म्हणजे समोरची येऊन पाठीत धपाटा घालून गेली तरी हिचं फसवणं चालूच.

त्यात हिला माती खायचं वेड. आमची घरं माळवदाची, म्हणजे सपाट मातीच्या छताची, आणि माळवदावर घालायला नदीकाठाहून पांढरी माती आणून रचलेली असायची. तिचे खडे मी ओच्यात घेऊन फिरायचे. पाण्याचा थेंब टाकला की त्या मातीला असा वास सुटायचा की पुरणपोळी मागं सरावी. पांढरी नसली तर खडू, खडू नसला तर पाटीची लेखण. आईनं मारून बघितलं, आण्णांनी समजावून बघितलं. आत्या तेवढी काही बोलायची नाही, आपलं काम करत राहायची.

आमच्या खेळाच्या मुलाणीबाई नव्यानंच उस्मानाबादेहून आल्या होत्या. तेव्हा जिल्ह्याचं नाव तेच होतं. गळ्यात शिट्टी, पदर कमरेला घट्ट, आणि आवाज असा की वर्गातल्या भिंतीसुद्धा सरळ उभ्या राहाव्यात. एकदा त्यांनी मला फळ्यामागं खडू चावताना धरलं. मी मार खायला डोळे मिटले. त्यांनी मारलं नाही. अंगठ्यानं माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढली, बघितलं, मग दुसरी ओढली, मग माझी नखं उजेडाकडं धरली.

"शकुंतला, तुझ्यात रक्तच नाही," त्या म्हणाल्या. "तू पळतेस तरी कशावर?"

आणि तिथंच सांगून टाकलं, दवाखान्यात दाखवून बरी होत नाहीस तोवर संघात नाव नाही. येळवशीच्या आधी तालुक्याचे सामने कळंबला होते. मी आजवर कळंब बघितलं नव्हतं. संघातल्या मुलींना एस.टी.नं नेणार, दुपारचं जेवण मैदानावर, आणि दुसऱ्या गावच्या लोकांपुढं पळायचं. त्या एका गोष्टीसाठी मी पांढरीच काय, जेवणसुद्धा सोडलं असतं. त्या दिवशी घरी येताना मी वाटभर रडले, आणि मधे थांबून एक खडाही खाल्ला.

मुलाणीबाई स्वतः मला आणि आईला घेऊन सरकारी दवाखान्यात गेल्या. डॉक्टर तरुण होते आणि बोलताना टाक कानावर ठेवायचे. त्यांनी विचारलं, रानात जाताना चप्पल घालतेस का? शकूबाई ताठ मानेनं म्हणाल्या, कशाला, माझे पाय चांगले आहेत की. डॉक्टर म्हणाले, पाय चांगले आहेत, म्हणून तर जंतांना आवडले. मग त्यांनी समजावून सांगितलं. लोक जिथं परसाकडंला जातात त्या ओल्या मातीत या जंतांची पिलं असतात. अनवाणी पाय पडला की कातडीतून आत शिरतात, फिरत फिरत आतड्याला जातात, तिथं चिकटून बसतात आणि रक्त पीत राहतात. म्हणून दम लागतो, म्हणून माती खावीशी वाटते. दोऱ्याच्या तुकड्याएवढे बारीक असतात, पडले तरी दिसायचे नाहीत. जंताच्या गोळ्या दिल्या, रक्त वाढायच्या वेगळ्या दिल्या, काही आठवड्यांनी परत या म्हणाले, आणि चप्पल घाला.

घरी हे ऐकल्यावर आत्याला हसू आवरेना. पायातून पोटात? त्यांना रस्ता कुणी दावला? जंत गोड खाल्ल्यानं होतात हे अख्ख्या जगाला ठाऊक. पण आण्णांनी सांगितलं, सरकारची गोळी हाय, देऊन बघू. मग आत्यानं मला ती गोळी आपल्या पद्धतीनं घ्यायला लावली. आधी गूळ, मग गोळी. चव खडूसारखी. मला तर ती आवडलीच. दुसऱ्या दिवशी पहाटे मी टमरेल घेऊन निघाले तर मागं आत्या, हातात लांब काडी. मी लाजेनं मेले. ती मात्र बाभळीच्या बुंध्याशी उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना सांगत होती की पोरीला डाक्टरी औषध दिलंय, निकाल बघायला आलेय.

निकाल काहीच नव्हता. आत्या काडीनं बघून बघून थकली. औषध घेतलं आणि काही पडलं नाही म्हणजे ते औषधच नव्हे, याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. आमच्या गल्लीतल्या कुठल्याच बाईच्या मनात नव्हती. जे आत होतं ते बाहेर दिसलं पाहिजे, न्हायतर गेलं कशावरून? पुढं रक्ताच्या गोळ्यांनी परसाकडंला काळंकुट्ट व्हायला लागलं तेव्हा तर आत्यानं कपाळाला हात लावला. पोरगी आतून जळायली, असं तिनं आईला तीनतीनदा सांगितलं. आई घाबरून मुलाणीबाईंकडं गेली. त्या म्हणाल्या, लोखंड आहे त्या गोळीत, काळं होणारच.

पण खरी गंमत माझ्या अंगात चालली होती. आण्णांनी येरमाळ्याच्या बाजारातून टायरच्या तळाची चप्पल आणली होती. पहिल्या दिवशी त्या चपलेत मी अशी चालले की म्हशीसुद्धा बाजूला झाल्या. हळूहळू चपलेची सवय झाली आणि एका सकाळी माझ्या लक्षात आलं की शाळेचा चढ चढून मी वर आलेय आणि अजून बोलतेच आहे. बोलत होते म्हणजे संघातल्या रजनीला शिव्या देत होते, पण एका दमात. पांढरीचा खडा जिभेवर ठेवला तर नुसती माती लागली. मी तो थुंकून टाकला आणि उगाचच पळत सुटले, दप्तर आपटत, कुणी मागं नसताना. काळजात धडधड होत होती ती आनंदाची. मुलाणीबाईंनी परत पापणी ओढून बघितली आणि फक्त म्हणाल्या, उद्या सरावाला ये.

डॉक्टरांनी दुसऱ्यांदा जंताच्या गोळ्या दिल्या आणि माझ्यावर संकट आलं. सामने ज्या दिवशी, नेमका त्याच दिवशी आत्यानं घराचं एरंडेल ठरवलं होतं. येळवस जवळ आलेली, दुसरा दिवस जुळत नव्हता. मी पाया पडले, आईला मधे घातलं. आत्या म्हणाली, तुझ्या गोळीनं पोट धुतलं जात न्हाय. ह्या बारीला काय पडलं तर तुझी गोळी खरी आन् तुला एरंडेल माफ. न्हाय पडलं तर सगळ्यांसंगं तू बी.

एरंडेल पिऊन खो-खो खेळायचा विचार करून बघा. कळंबच्या मैदानावर, परक्या गावात, बाभळी कुठं आहेत ते ठाऊक नसताना.

मग शकूच्या सुपीक डोक्यातून जी युक्ती निघाली तिच्यावर मी आजही हसते. आमच्याकडं उन्हाळ्यात शेवया करून वाळवून ठेवायच्या. शेवया वळण्यात आत्याचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. मी डब्यातल्या चिमूटभर शेवया काढल्या, वाटीत भिजवल्या, मऊ झाल्यावर पानात गुंडाळल्या आणि सकाळी ओच्यात घालून निघाले. बाभळीखाली त्या जागेवर नीट मांडल्या. नीट म्हणजे इतक्या नीट, की आता आठवलं तर वाटतं, ताटातच वाढायच्या राहिल्या होत्या. जंत कधी असे शेजारी शेजारी, एका मापाचे, पांढरेशुभ्र पडतात का? पण मला माझ्या हुशारीचा एवढा अभिमान वाटत होता की मी स्वतःच आत्याला हाक मारली.

आत्या आली. काडी टेकून वाकली. बराच वेळ वाकून राहिली. एका शेवयीला काडीनं उचललं, उजेडात धरलं, परत खाली ठेवलं. माझ्याकडं बघितलं. मी आकाशाकडं बघितलं.

"लई पडले की गं," ती म्हणाली आणि काठी टेकत घराकडं निघून गेली.

मी तर हवेतच. घरी येऊन आईला सांगितलं, रजनीला सांगितलं, शाळेत जाऊन मुलाणीबाईंनाही सांगितलं. त्या विचित्र नजरेनं बघत राहिल्या, कारण हे जंत दिसत नाहीत असं डॉक्टरांनी त्यांच्यापुढंच सांगितलं होतं. संध्याकाळी गुळाची वेळ झाली. चुलते, आण्णा, आम्ही सगळे चुलीपुढं बसलो, तळहात पुढं केले. गूळ काही आला नाही. आत्यानं पातेलं उतरवलं आणि प्रत्येकापुढं वाटी सरकवली. वाटीत दूध, गूळ आणि शेवया. सणावाराशिवाय आमच्याकडं खीर होत नसे. आई गोंधळली. आण्णा म्हणाले, हे काय मधीच?

आत्यानं माझ्या वाटीत दोन पळ्या जास्त घातल्या. "खा," ती म्हणाली. "वळखीच्या हायत तुझ्या."

मी वाटी खाली ठेवली. आता एरंडेल दुप्पट येणार आणि ते सगळ्यांपुढं नाक दाबून पाजणार, अशी माझी खात्री झाली. आत्यानं आपली वाटी हातात घेतली, एक शेवयी बोटांत धरून निरखली.

"ह्या घरात एवढ्या बारीक शेवया दुसऱ्या कुणाला वळता येत न्हाईत," ती म्हणाली. मग आण्णांकडं वळून, "दादा, उद्याचं एरंडेल ऱ्हाऊ द्या. म्या उद्या कळंबला जाणार हाय. ह्या पोरीला पळायचं एवढं कसलं याड लागलंय, ते बघून येते."

आमच्या घराच्या इतिहासात एरंडेल पुढं ढकललं गेल्याची ती पहिलीच वेळ. चुलत्यांनी आनंदानं दोन वाट्या खीर खाल्ली.

एस.टी.त आत्या सगळ्या संघाच्या मधोमध बसली, मांडीवर भाकऱ्यांचं गाठोडं. येरमाळा सुटेपर्यंत तिनं प्रत्येक मुलीचं गाव, आडनाव आणि पोटाची तक्रार विचारून घेतली होती. कळंबला मैदानाभोवती एवढी माणसं की मी खोचलेला परकर पुन्हा दोनदा खोचला. समोरचा संघ उंच मुलींचा, सगळ्यांना एकसारखे फ्रॉक. आम्ही कुणी परकरात, कुणी भावाच्या अर्ध्या चड्डीवर. आमची पळायची शेवटची पाळी आली तेव्हा रजनी लगेच बाद झाली, दुसरीही बाद झाली, आणि मी एकटी उरले. शिट्टी वाजेपर्यंत टिकले तर आम्ही जिंकतो, एवढाच हिशोब होता.

पहिलं वळण घेतलं. मी सवयीनं दम संपायची वाट बघितली. तो संपला नाही. बसलेल्या मुलींच्या मधून नागमोडी काढत मी खांबाकडं गेले, खांबाला हात लावून परत फिरले, मागं खो, पुढं खो, कानात वारं, आणि छाती आपली चालतेय, भात्यासारखी, न कुरकुरता. मला पळता पळता हसायला यायला लागलं. एवढं अंग माझ्याजवळ होतं आणि ते दुसराच कुणी वापरत होता. एक उंच मुलगी झेपावली, तिचा हात माझ्या वेणीला घासून गेला, आणि त्याच वेळी मैदानाच्या रेषेच्या आत काठी घेऊन आत्या. हात लावायचं काम न्हाय, असं ती पंचांना बजावून सांगत होती. पंचांनी तिला हात जोडून बाहेर नेलं. प्रेक्षक लोळायला लागले. मी त्या गोंधळातही पळतच होते, शिट्टी कधी वाजली ते मला कळलंच नाही. मुलाणीबाईंनी येऊन मला धरलं तेव्हा थांबले.

दुपारच्या सामन्यात आम्ही सपाटून हरलो. त्याचं वर्णन करायला माझ्याकडं जागा नाही.

परतीच्या एस.टी.ची वाट बघत आम्ही स्टँडवर बसलो होतो. मुली शेंगा खात होत्या, माझी बडबड चालूच होती. आत्या मुलाणीबाईंच्या शेजारी सरकली. आवाज तिनं खाली घेतला होता, पण माझे कान तिच्यावरच गेलेले.

"बाई, त्या गोळ्या शाळेतल्याच पोरींला मिळत्यात का?"

बाई म्हणाल्या, सगळ्यांना मिळतात. तुम्हाला कशाला पाहिजेत?

आत्यानं जरा वेळ स्टँडच्या फरशीवर काठीनं रेघा ओढल्या. मग म्हणाली, विहिरीवरून घागर आणताना मधी दोनदा टेकावं लागतंय. रातच्याला छातीत धडधड होती. कैक वरसं झाली. आता वय झालं म्हणून कुणाला सांगितलं न्हाय.

"किती वय तुमचं?"

"दादाच्या पाठची हाय मी," आत्या म्हणाली, अगदी आण्णांसारखा मांडीवर हात आपटून.

मी शेंग सोलता सोलता थांबले. आण्णांच्या पाठची म्हणजे आण्णांपेक्षा धाकटी. आण्णा तेव्हा चाळिशीतही नव्हते. ते मोट हाकायचे, कुस्तीच्या फडात पंच म्हणून उभे राहायचे, आणि आईवर रागावले की एका उडीत माळवदावर जाऊन बसायचे. मी आत्याकडं असं बघितलं जसं पहिल्यांदाच बघतेय. विरळ केस, राखेसारखे ओठ, आणि त्यात डोळे मात्र आण्णांचे, तेवढेच तरुण.

मुलाणीबाईंनी तिचा हात हातात घेतला, नखं उजेडाकडं केली आणि डोळ्याची पापणी ओढून बघितली. मग म्हणाल्या, सोमवारी या, मी घेऊन जाते. आत्या म्हणाली, सोमवारी उपास असतो. बरं, मंगळवारी. मंगळवार येडाई देवीचा. बाईंनी शिट्टी बोटाभोवती गुंडाळली आणि विचारलं, आत्याबाई, तुम्हाला यायचं आहे की म्हातारं व्हायचं आहे?

लांबून एस.टी. येताना दिसली. आत्या काठी टेकून उठली, पदर सावरला.

"म्हातारी न्हाय मी, बाई," ती म्हणाली. "दमल्याली हाय. सोमवारी येते."